कडेनं धरायची काच

काचेची साधी पट्टी दिसली, की तो गुन्हा अजून डोळ्यांपुढे उभा राहतो. तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून बारा काचपट्ट्या चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन संशोधन करणारी एक मुलगी आली. गेवराईकडच्या मेंढपाळाच्या घरातली.

“काचाच हायत की साहेब,” ठाणे अंमलदार हसला. “बाजारात डबाभर मिळत्यात.”

“काचा मिळत्यात दादा,” ती म्हणाली. “वरचा थर मिळत न्हाई.”

त्या काचांवर धातूच्या ऑक्साइडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा थर होता. हवेत अमोनियाचा अंश आला तरी तो ओळखायचा. चार दिवसांनी परीक्षक येणार होते. काचा नाहीत, तर पीएचडी नाही. तसा थर पुन्हा साधायला वर्ष गेलं असतं.

पंचनाम्यात कपाटाचं कुलूप शाबूत निघालं. किल्ल्या तिघांकडे: ती, विभागप्रमुख आणि थर चढवण्यासाठी द्रावणात काच बुडवायला तिला शिकवणारा ज्येष्ठ सहकारी. प्रमुख परगावी होते. प्रयोगशाळेच्या शिपायानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “ती नसली की तिला शिकवणारे सर तिच्या काचा उजेडात धरून बघत बसत्यात.”

सहकाऱ्याचा जबाब थंड होता. “तिचा थर बसतच नव्हता. नुसत्या काचा होत्या. परीक्षक येणार म्हणून चोरीचा बनाव केला. मेंढरं हाकण्याइतकं सोपं नसतं ते.”

मोजमापासाठी बाहेर पाठवलेली तिची एक काच नुकतीच परत आली होती. मी ती मागितली.

“एकच उरलीय साहेब. जपा.”

पाच कोऱ्या काचांत ती मिसळून मी त्या सहकाऱ्यासमोर मांडल्या. एकेक उचलायची, मधोमध अंगठा दाबायचा, बाजूला टाकायची. तो बघत होता. सहावीवर अंगठा नेला. टेकवणार नव्हतोच, पण ते त्याला माहीत नव्हतं.

“कडंनं धरा साहेब!” तो ओरडला. “थर हाय त्याच्यावर!”

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचा पेन थांबला. सहकारी खाली बघत बोलला, “आठ वर्षं बुडवतोय मी. इतका एकसारखा एकदाही बसला नाही. तिला तिसऱ्या वर्षी जमला. माझ्याच हाताखाली.”

काचा त्याच्या घरी लोखंडी पेटीत मिळाल्या. एकही फोडलेली नव्हती. प्रत्येक मऊ कागदात गुंडाळून उभी ठेवलेली, शेजारी ओल शोषणाऱ्या मण्यांची पुडी. मुद्देमाल म्हणून त्या ठाण्यात अडकल्या असत्या, तर तिची परीक्षा हुकली असती. न्यायालयाची परवानगी घेऊन सुपूर्दनाम्यावर त्या तिला वेळेत दिल्या.

मत्सर करणाऱ्याला दुसऱ्याचे गुण दिसत नाहीत, असं मी तोवर समजत होतो. खरं तर मला कळायला हवं होतं. माझ्या बॅचमधल्या एकाला माझ्याआधी बढती मिळाली, तेव्हापासून त्याचा एकेक तपास मला पाठ होता.

परीक्षकांनी त्या थराचं कौतुक केलं, असं नंतर कानावर आलं. त्यांच्याआधी त्याची पुरती किंमत एकाच माणसाला कळली होती. त्याला मी अटक केली होती.