लाल पेनवाले काका

काकांना कुणी कसलाही आकडा सांगितला की ते त्यातली चौथाई मनातल्या मनात कापत आणि उरलेला आकडा मोठ्यानं म्हणत. आमच्या आईनं एकदा रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरी हळदीकुंकू ठेवलं आणि कौतुकानं सांगितलं, वीस बायका येणार आहेत. काका पोह्यांची बशी हातात धरून लगेच म्हणाले, "म्हणजे पंधरा." आल्या पण नेमक्या पंधराच, त्यामुळे आईला त्यांचा दुप्पट राग आला. डॉक्टरनं त्यांना आठ दिवस आराम सांगितला होता, तर सातव्या दिवशी सकाळी हे महाशय स्कूटरला किक मारून मोकळे.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली होती. भनपुरीला, ट्रकच्या रांगांच्या मागे, सरकारी शाळांच्या पुस्तकांचं गोदाम होतं आणि काका तिथले बाबू. नवं राज्य नुकतंच झालेलं. रायपूर राजधानी झालं म्हणून जो तो मान ताठ करून फिरत होता, पण कचेऱ्यांत खुर्च्या यायच्या होत्या आणि फायली भोपाळहून पोत्यांत भरून येत होत्या. छापून येणारी पुस्तकं कधीच पुरत नसत. म्हणून कोणत्या शाळेला किती संच द्यायचे ती यादी काका करत, लाल पेनानं. शाळांनी मागितलेल्या प्रत्येक आकड्यातून चौथाई उडवत. सगळ्या गुरुजींना हे ठाऊक होतं, म्हणून तेही मागणी वाढवूनच लिहीत. साठ हवे असले की ऐंशी लिहायचे, काका कापून साठ करायचे, आणि सगळं बरोबर चाललंय असं दोन्हीकडचे लोक समजायचे.

बसलेला माणूस म्हणून मला ते आठवतच नाहीत. टेबलाशी उभं राहून लिहायचे, लिहिता लिहिता उजवा पाय हलायचा. गोदामात गठ्ठ्यांच्या मधून फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक गठ्ठ्यावर थाप मारत जायचे. चहाचा कप अर्धा ठेवून दुसरीकडे गेले की परत येऊन नवा मागायचे. गोदामातले हमाल म्हणायचे, बाबूजी के पाँव में चक्का लगा है. मला पहिल्या भेटीतच वाटलं होतं, या माणसाला एका जागी बांधून ठेवावं.

पहिली भेट म्हणजे भांडण. मी मुळात भांडखोर, त्यात नवीन नवीन प्रधान पाठिका, म्हणजे मुख्याध्यापिका, झालेली. भनपुरीच्याच मागच्या वस्तीत, गॅरेजवाल्यांच्या आणि हमालांच्या पोरांची प्राथमिक शाळा. दोन खोल्या, पाच वर्ग, शिक्षक दोन, मी आणि साहू सर. मुलं होती अठ्ठ्याऐंशी. मागणीचा कागद आला तेव्हा मी अठ्ठ्याऐंशी लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पुस्तकं आली सहासष्ट.

बावीस मुलांना पुस्तक नाही म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. दोघांत एक पुस्तक दिलं तर ते घरी कुणी न्यायचं यावरून मारामाऱ्या. वस्तीतले आईबाप मला दारात अडवायचे, "दीदी, किताब ही नहीं है तो क्या पढ़ाओगे?" त्यांचंही बरोबरच होतं. एकेक पोरगं सुटायला लागलं, कुणी गॅरेजमध्ये, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायला. ऑगस्ट संपता संपता मुलं राहिली एक्क्याऐंशी. आणि सप्टेंबरच्या शेवटी वरून माणूस येऊन मुलं मोजणार होता. ऐंशीच्या खाली एक जरी गेलं तरी साहू सर जास्तीचे ठरणार, त्यांना उचलून दुसऱ्या शाळेत टाकणार, आणि पाच वर्ग मी एकटी बघणार. म्हणजे शाळा नव्हे, कोंडवाडाच झाला असता तो.

मी गोदामात गेले ते तावातावानं. काका गठ्ठ्यांवर थापा मारत होते.

"कितने चाहिए, मॅडम?"

"बाईस सेट."

"मतलब सोलह," असं म्हणत त्यांनी लाल पेन उघडलंसुद्धा.

माझं डोकंच फिरलं, आणि डोकं फिरलं की मला हिंदी सुचत नाही. "अहो, बावीस म्हणजे बावीस! माझ्या पोरांना कापायला तुम्ही कोण?"

मराठी ऐकून ते थबकले. यादी काढून बोट फिरवत गेले. "तुमी अठ्ठ्याऐंशी लिवले होते. पोट्टे किती होते?"

"अठ्ठ्याऐंशी."

"खरेच अठ्ठ्याऐंशी?" ते माझ्याकडे तापानं फणफणलेल्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागले. "बापा! खरं लिवाले कोणं सांगितलं तुमाले? काहून लिवलं?"

 लाज वाटते सांगायला, पण मला रडू फुटलं. काकांनी लगेच पाठ फिरवली आणि पाच-सात गठ्ठ्यांना थापा मारून आले. "उद्या येतो," म्हणाले. "आकडा सांगू नका. दाखवा."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी स्कूटर दारात हजर. माझ्यावर विश्वास ठेवतील तर ते काका कसले! त्यांनी सगळी मुलं अंगणात रांगेत उभी केली आणि डोक्याला हात लावत मोजली. मग उलटीकडून मोजली. "एक्क्याऐंशी. सात कमी आहेत, बाई."

"ती सात तुमच्या पेनानं गेली," मी म्हटलं.

ते लगेच स्कूटरकडे वळले. वस्तीत चला म्हणाले. सातही घरी आम्ही गेलो. काका कुठे टेकले नाहीत, कुणाचा चहा घेतला नाही, दारातच उभं राहून विचारायचे, "किताब मिलेगी तो भेजोगे?" एका बाईनं हव, म्हणजे हो, म्हटलं, तर तिला तीनदा विचारलं. सातव्या घरून निघाल्यावर मात्र ते एकदम म्हणाले, "दिल्लीवाले देशाचे पोट्टे मोजून राहिले, रायपूरवाले राज्याचे, अन् मी गठ्ठे. पोट्ट्याच्या डोक्शाले हात लावून कोणीच मोजून नाही राहिलं." मग स्वतःवरच चिडल्यासारखी स्कूटरला किक मारली, ती तीनदा बसली नाही.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. बावीस संच, कोरे, दोरीनं बांधलेले. काकांनी स्वतः उतरवून घेतले, माझी सही घेतली आणि टेम्पोच्या आधी निघून गेले. मी त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले होते! सातांपैकी पाच मुलं परत आली. मोजणीच्या दिवशी काका न बोलावता आले आणि हापशापाशी उभे राहून सुपारी चघळत, पाय हलवत बसले. बसले कसले, उभेच. मोजणारा साहेब शहाऐंशी लिहून गेला. साहू सर राहिले. त्यांनी काकांच्या पायाला हात लावला तर काका म्हणाले, "अरे, वर्गात जा ना! पोट्टे बोंबलून राहिले."

त्यानंतर ते आमच्या घरचेच झाले. दर रविवारी आईचे पोहे ठरलेले. पण मला एक गोष्ट दिसत होती. त्या सालापासून त्यांचा पाय जास्तच हलायला लागला. पेन चालवायच्या आधी ते शाळा बघायला निघायचे, रायपूरच्या भोवती तीस-चाळीस किलोमीटर, त्या खटारा स्कूटरवर. त्यातही ज्या शाळांतून कधी कुणी भांडायला, विचारायला आलं नाही, त्याच शाळा निवडायचे. मी म्हणायची, काका, ओरडतात त्यांच्याकडे जा की आधी. ते म्हणायचे, "ओरडणाऱ्याचं काय, तो गोदामात येतेच." त्यांच्या साहेबानं एकदा सगळ्यांसमोर सुनावलं, "बाबूजी, आपका काम बाँटना है, गिनना नहीं." काकांनी हो हो म्हटलं आणि शनिवारी पुन्हा गायब. काकू माझ्याजवळ रडायच्या, या वयात हा माणूस कुठे पडेल-झडेल. मी काकांना झाप झाप झापलं. आकडा वाढवून न लिहिणाऱ्या शाळांची एक वही केली होती त्यांनी, ती मला अभिमानानं दाखवायचे. दर साली त्यात दोन-चार नावं वाढायची. साहेब लोकांना त्या वहीचं हसू यायचं. मला नाही यायचं.

निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी मी बूढ़ापाऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. ती शेवटची भेट. पुढच्याच उन्हाळ्यात ते गेल्याचा फोन आला, आणि मला नागपूरला जायलाही जमलं नाही, याची बोच अजून आहे. त्या दुपारी खोलीत बांधलेलं सामान होतं आणि काका त्याच्या भोवती फेऱ्या मारत होते. काकू आत चहा करत होत्या. मी लाडानं म्हटलं, काका, आता तरी शांत बसा. तुम्ही माझी शाळा वाचवलीत, आणखी काय पाहिजे माणसाला?

ते थांबले. एवढा वेळ एका जागी थांबलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"ते बावीस सेट कुठून आले होते, इचारलं नाही तुमी कधी."

खरंच नव्हतं विचारलं. गोदाम त्यांचं, पुस्तकं त्यांच्याकडे असणारच, असं मी धरून चालले होते.

"गोदामात एकबी जादा नव्हता," काका म्हणाले. "महानदीच्या पलीकडच्या एका शाळेचा गठ्ठा बांधून तयार होता. दुसऱ्या दिवशी जाणार होता. मी त्याचं लेबल काढलं अन् तुमचं लावलं."

"आणि ती शाळा?"

"मोजणी झाली. दोन गुरुजी होते, एक उचलला."

 मी म्हटलं, "पण त्यांचीच का, काका?"

"तुमी भांडाले आल्या. ते नाही आले. पुस्तकं नाही आली तरी नाही आले. मी नंतर जाऊन आलो तिथं. एकटे गुरुजी होते, पाच वर्ग घेऊन. मले पाहून उभे राहिले, म्हणे, बैठिए. कशाचीच तक्रार नाही केली त्यायनं." काकांचा उजवा पाय हलायला लागला. "मले तर बसताच आलं नाही, बाई."

मला राग आला. एवढी वर्षं हा माणूस माझ्या घरी पोहे खात होता आणि हे पोटात ठेवून होता. मी ओरडलेच, "मला काहून नाही सांगितलं तेव्हाच?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात रागबिग काही नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "सांगितलं असतं, तर वापस केले असते तुमी?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी कप घेतला, आणि बिस्किटं छान आहेत असं काहीतरी बोलले. घरी येईपर्यंत स्वतःशी वाद घालत होते, पण उत्तर मला तिथेच, त्यांच्या समोरच माहीत होतं. नसती केली परत. बावीसमधलं एकसुद्धा पुस्तक मी परत केलं नसतं.