काका गरम पाण्यात बसले त्याची गोष्ट

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या घरमालक काकांनी आयुष्यात एकही चहा बसून प्यायलेला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पुण्याहून कंपनीच्या कामाला आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहायला लागलो, तेव्हापासून हा माणूस मी फक्त चालताना पाहिला. एक घोट स्वयंपाकघरात, दुसरा जिन्यावर, तिसरा मागच्या गार्डनमध्ये, आणि मग कप कुठे ठेवला ते काकूंना विचारत घरभर फेरी. विमानतळाच्या कार्गोत इतकी वर्षं काढल्यामुळे असेल, पण वस्तू असो की माणूस, एका जागी पडून राहिलेलं काही त्यांना बघवायचं नाही. मी सोफ्यावर जरा टेकलो की "काय रे, बरं नाहीये का?" अशी चौकशी व्हायची. बसला उशीर असला की ते चालत पुढच्या स्टॉपवर जात, तिथून त्याच्या पुढच्या, आणि दोन स्टॉपच्या मध्ये असताना बस शेजारून निघून गेली की ड्रायव्हरवर चिडत. क्रिकेटची मॅच दारात उभं राहून बघत. आत बसलं तर आपली विकेट पडते म्हणायचे, पण फिल्डिंग आपली असली तरी काका दारातच.

काकू अगदी उलट. एकदा बसल्या की बसल्या. मान वर न करता "चष्मा डोक्यावर आहे", "किल्ली खिशात बघा" असं सांगत त्या काकांची वाहतूक सांभाळायच्या.

त्या वर्षी नगरला काकूंच्या आईने अंथरूण धरलं. काकूंनी जायचं ठरवलं. परत कधी, ते ठरवण्यासारखं नव्हतं, आणि काकांची नोकरी अजून बाकी होती. जाण्याआधी तुला काय हवं, असं काकांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "एक तास माझ्या शेजारी बसा. दुसरं काही नको." घरात हे जमणार नाही, याची दोघांनाही खात्री होती. तिथल्या बँका बुडाल्यामुळे आइसलँडची सहल तेव्हा फार स्वस्त झाली होती, आणि लहानपणी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बसल्याचं सुख काकूंना अजून आठवत होतं. पाण्यात उतरलेला माणूस पळून पळून जाईल कुठे, असा त्यांचा विचार. बॅगा उचलायला मला बरोबर घेतलं.

विमानतळाबाहेर नजर जाईल तिथवर काळाठिक्कर लाव्हा, त्यावर शेवाळ आणि मधूनच जमिनीतून निघणारी वाफ. "खालचा गॅस बंद करायला विसरलेत वाटतं," म्हणत काका बसमध्ये या खिडकीतून त्या खिडकीकडे जात राहिले. गरम पाण्याच्या तळ्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबणाने आंघोळ करायची, हा तिथला कडक नियम. काका पंचा गुंडाळून थेट दाराकडे निघाले, तेव्हा तिथल्या माणसाने त्यांना अडवलं.

"नो नो, आय हॅव टेकन फुल बाथ ॲट होम! बिफोर पूजा!"

त्याने शांतपणे शॉवरकडे बोट दाखवलं. "अरे, सांग ना याला," काका कळवळून मला म्हणाले, "बिनआंघोळीचा मी कधी घराबाहेर तरी पडलोय का?" शेवटी पंचा माझ्या हातात कोंबून, डोळे गच्च मिटून, आंघोळीचा श्लोक मोठमोठ्याने म्हणत त्यांनी दिवसातली दुसरी आंघोळ केली.

काकू आधीच गळ्यापर्यंत पाण्यात, खडकाला टेकून बसल्या होत्या. "या, बसा." काका बसले आणि लगेच उठले, कारण पलीकडे पाणी जास्त गरम असेल. खरंच आहे, असं त्यांनी तिकडून ओरडून कळवलं. मग तोंडाला लावायचा पांढरा चिखल आणायला गेले, वाफेच्या खोलीत डोकावून आले, क्षणभर टेकले, आणि परतीच्या बसची वेळ बघून येतो म्हणत पुन्हा निघाले. मला राहवलं नाही. "काका, काकूंनी तुमच्याकडे एवढंच मागितलंय!" काकूंनी तोंड दुसरीकडे वळवलं, आणि ते काकांना दिसलं.

ते सावकाश परत आले आणि काकूंना खेटून बसले.

"अहो, थंडी वाजतेय का? थरथरताय."

"नाही गं," काका म्हणाले. "मी फिरतो ना, ते तू बसलेली असतेस म्हणून. कुठूनही आलो तरी तू तिथेच असतेस. आता घरात कुणी नसणार. मग मी परत यायचं कुणाकडे?"

काकूंनी पाण्याखाली त्यांचा हात धरला असावा, कारण काकांचे खांदे एकदम सैल पडले. मी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलो. बस आली आणि गेली. दोघंही हलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात काकू नगरला गेल्या. आईचं आजारपण लांबत गेलं, फोन रोज होत राहिला. आणि काका बसायला लागले. कामावरून आले की पुढच्या खोलीत बसायचे, अंधार पडला तरी दिवा लावायचं त्यांना सुचायचं नाही. "काका, हाय स्ट्रीटच्या दुकानांपर्यंत एक चक्कर मारायची?" असं मी मुद्दाम विचारायचो. "जाऊ या की," म्हणायचे आणि तसेच बसून राहायचे. मग मीच त्या घरात उगाच खालीवर करत राहायचो.