जोएलचा देवाशी अबोला

चर्चच्या हॉलमध्ये आमचं एक खोकं आहे. संडे स्कूल सुटलं की मुलं जे विसरून जातात ते त्यात टाकायचं. डबे, स्वेटर, एका पायाचा बूट. ते न्यायला आया पुढच्या रविवारी धावत येतात. पण मुलं जे बोलून जातात ते न्यायला कोणी येत नाही हो! ते सगळं माझ्याकडेच पडून राहतं. सोळा वर्षांचा साठा झालाय. बसा, थोडा हलका करते.

मी शालिनी टीचर. शाळेतून रिटायर झाले, संडे स्कूलमधून कोणी होऊ देत नाही. उपासना संपली की मुलांचे आईबाप चहाचा कप घेऊन माझ्याभोवती बसतात. मुलांना प्रभूच्या मार्गात कसं वाढवायचं, हा विषय. नियम एकच. दर आठवड्याला एक उपाय घरी करून बघायचा आणि पुढच्या रविवारी खरं काय झालं ते सांगायचं. किस्से होतात ते इथे.

गेलं वर्षभर सगळ्यांत मोठी काळजी नीलिमाची. राहते इथेच बिबवेवाडीत, नोकरी खराडीला आयटीत. तिचा जोएल सहा वर्षांचा. त्याची आजी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा हा पोरगा रोज गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना करायचा. मार्चमध्ये आजी गेली आणि त्या दिवसापासून याची प्रार्थना बंद! का रे, म्हणून विचारलं तर म्हणतो, "मी सांगितलं होतं ना त्याला. ऐकलं नाही."

आमच्यात साखळी प्रार्थना असते. हात धरून गोल बसायचं, आपलं बोलून झालं की शेजारच्याचा हात दाबायचा. ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसता हात दाबून पुढे पाठवायचं. जोएल दर रविवारी माझा हात दाबायचा, तोही चटका बसल्यासारखा पटकन! नीलिमा रडकुंडीला आलेली. "टीचर, सहाव्या वर्षीच माझ्या मुलाचा विश्वास गेला हो!"

*

मग तिनं आयटीवाल्यांचं शस्त्र काढलं. फ्रिजवर चार्ट! दात घासले, एक स्टार. बायबलचं वचन पाठ केलं, एक स्टार. कोणाशी प्रेमानं वागला, दोन स्टार. प्रार्थना केली तर तब्बल पाच!

आठवड्यात प्रार्थनेचा रकाना कोरा आणि प्रेमाचा ओसंडून वाहतोय. नीलिमाला शंका आली, तिनं पाळत ठेवली. तर हा शेजारच्या पिंटूची गाडी हिसकावून घेतोय, तो रडला की परत करतोय आणि घरात येऊन सांगतोय, "मम्मी, मी पिंटूला गाडी दिली!"

चार्ट त्याच संध्याकाळी उतरला.

*

आमचा संदीप स्वारगेटहून बस काढतो, ड्रायव्हर आहे. मुलगी एस्तेर, पाच वर्षांची. त्यांना उपाय दिला की जेवताना मोबाइल बाजूला आणि जेवणाची प्रार्थना एस्तेरनं करायची.

पहिल्याच दिवशी ताटात कारलं. एस्तेरनं हात जोडले. मम्मी-पप्पा झाले, आजी-आजोबा झाले, चर्चचे पाळकसाहेब झाले, तिथली झाडून सगळी मंडळी झाली, गल्लीतली कुत्री नावानिशी झाली. ड्यूटीवरून उपाशी आलेल्या संदीपनं एक डोळा किलकिला केला.

"पप्पा, डोळे मिटा! अजून बिबवेवाडी संपली नाही!"

तिला मिटल्या डोळ्यांनी कसं दिसलं, ते मी विचारलं नाही.

*

हाच संदीप तापट फार. त्याला म्हटलं, "अरे, पोरीसमोर शिव्या नकोत. राग आला की मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं."

पंधरा दिवसांनी एस्तेर वर्गात हात वर करून उभी. "टीचर, मला शंभरपर्यंत येतं!"

"अगं वा! कोणी शिकवलं?"

"पप्पांनी. स्वारगेटच्या सिग्नलला."

*

एक आठवडा शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा होता. शेजारी जाऊन विचारायचं, काही मदत हवी का? नीलिमाला वाटलं, यानं तरी पोराचं मन जरा वळेल. जोएल ओळीनं तीन दिवस दुपारी अडीच वाजता खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवून आला.

चौथ्या दिवशी काकू स्वतः वर आल्या. "अहो, तुमच्या मुलाचं प्रेम पोचलं बरं का. आता चारनंतर पाठवत जा, म्हणजे माझंही राहील त्याच्यावर."

*

दुसऱ्यांना हसून झालं, आता माझी फजिती ऐका. एका रविवारी मी जोएलला जवळ घेऊन बसले. म्हटलं, "बाळा, देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतो. कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो, कधी म्हणतो नंतर बघू."

त्याला माझी कीवच आली. "टीचर, मम्मी पण म्हणते नंतर बघू. म्हणजे नाहीच."

अडतीस वर्षं शिकवलंय मी, आणि या पोरानं माझाच धडा तपासून परत दिला! चहाच्या वेळी हे सांगितलं तर नीलिमा आधी हसली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. मी तिच्या हातातला कप काढून घेतला.

शेवटी संदीप म्हणाला, "ताई, तो रुसलाय. रुसू द्या की! अनोळखी माणसावर कोणी रुसतं का?"

पाळकसाहेबांनी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून जोएलवर सगळे उपाय बंद केले. हात दाबून पुढे पाठवतोय तर पाठवू दे, गोलात येऊन बसतोय ना!

*

या मार्चमध्ये आजीला जाऊन वर्ष झालं. नीलिमाच्या घरी आठवणीची प्रार्थना ठेवली होती. हॉलमध्ये सतरंज्या, तीसेक माणसं, दाराशी चपलांचा ढीग. जोएल त्याच्या आईच्या आणि माझ्या मध्ये.

साखळी सुरू झाली. जोएलच्या पप्पांना दोन वाक्यांपुढे बोलवेना. मग नीलिमा. "प्रभू, पथ्यावरून मी आईंना फार बोलले. मला क्षमा कर." एवढं म्हणून तिनं जोएलचा हात दाबला.

मी डोळे मिटून तयारच होते. पण माझा हात काही दाबला जाईना. पलीकडे नीलिमानं श्वास रोखलाय, हे मला बसल्या जागी कळत होतं.

आणि जोएलनं घसा साफ केला.

"प्रभू येशू, मी जोएल. आजीला आता शुगर नाही ना? मग तिला रोज जिलबी देत जा. मी खिशातून द्यायचो, तू ताटात दे. आणि मम्मीला सांगू नकोस. आमेन."