बुडबुड्यांनी दाखवलेलं भोक

होटगी रोडच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला गिऱ्हाइकाचं कधीच ऐकत नाही. खिळा दाखवला तरी अख्खी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवणार. “एक भोक घावलं म्हणून थांबायचं न्हाय. दुसरं बी आसतंय की.”

गेल्या महिन्यात माझी ट्यूब बुडवतानाच त्याचं तोंड वाकडं झालं. उजवा हात पाण्यात लुळा पडला. डावा अंगठा मात्र भोकावर घट्ट होता. तो मलाच सोडवावा लागला.

दवाखान्यात त्याच्या शिरेतून खारट पाण्याचे बारीक बुडबुडे सोडून, ते हृदयात कुठून निसटतात हे सोनोग्राफीत बघून डॉक्टरांनी कारण शोधलं. हृदयात जन्मापासून भोक होतं आणि त्यातूनच रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती.

त्यानं जड जिभेनं डॉक्टरांना विचारलं, “सायेब, बाकीचं काळीज बी फिरवून बगितलं न्हवं?”