पितळेचा टोप

राजोडीतले आमचे चित्रकलेचे मास्तर कुणाच्याही घरी गेले की ओटीवर टेकायचे नाहीत, सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. शाळेतून निवृत्त झाले तरी चित्रं सुटली नव्हती, आणि त्यांना लागणारं सामान सगळं शेजाऱ्यांच्या ओट्यावर. "धुवू नको हां, सूनबाई," एवढं बजावून ते माझं खरकटं भांडं घेऊन जात. घासलेलं भांडं म्हणजे फोटोला उभा केलेला नवरदेव, असं त्यांचं मत. मला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं, तेही निवडायला घेतलेली लसूण समोर ठेवून.

एकदा त्यांनी आमच्या खिडकीत मांडलेली सुकेळी, म्हणजे पानात बांधून वाळवलेली केळी, सासूबाईंनी सोलून पाहुण्यांना देऊन टाकली. मास्तर मागे उरलेली वाळकी पानं रंगवत बसले.

मग माझा ॲल्युमिनियमचा टोप त्यांच्या चित्रात पिवळा आला. मला वाटलं, ऊन दाखवायचं असेल. पुढच्या चित्रात लसूणही पिवळी. मास्तरांचा एक डोळा लहानपणीच गेलेला, सगळी भिस्त दुसऱ्यावर. मी भीत भीत बोलले, तर ते चिडले आणि आठ दिवस फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले, तोच टोप उजेडात ठेवला आणि म्हणाले, "खरा रंग सांग."

राखाडी, जरासा निळसर, मी म्हटलं. ते खाली बसले.

डॉक्टरांनी तपासलं तर मोतीबिंदू निघाला, त्यानंच सगळं पिवळं दिसत होतं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन, बिघडलं तर? मास्तर घाबरले होते आणि त्यांच्याहून जास्त मी. मीच बोलून बसले होते ना!

पट्टी सुटली त्या दिवशी वसईहून आलेली रिक्षा त्यांच्या घराऐवजी आमच्या दारात थांबली. मास्तर थेट ओट्यापाशी गेले, काळा चष्मा कपाळावर सरकवला. डाळ उतू गेलेला टोप तिथंच होता.

"अगं, हा तर निळा आहे," ते म्हणाले. "उगाच तुझी श्रीमंती वाढवत होतो मी."

माझा जीव भांड्यात पडला. हसता हसता रडूच आलं.

त्यानंतर मास्तरांनी चार वर्षं मनसोक्त रंगवलं. आता ते नाहीत. पिवळ्या टोपाचं चित्र माझ्या ओट्यावर टांगलंय. येणारी प्रत्येक बाई विचारते, हा पितळेचा टोप कुठे गेला गं? मी सांगते, मास्तरांच्या डोळ्यात होता, डॉक्टरांनी काढला.