सख्याचा दगड

बसा, चहा उकळतोय. तोवर मी स्वतःच्या हातानं स्वतःची शोभा कशी करून घेतली ते सांगते. हसू आलं तर दाबू नका. आमचं गाव अजून हसतंय, तुम्हीच का मागं राहायचं?

मी महाडच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले. पहिल्या वर्गात! आणि पहिला वर्ग मिळाल्यावर जे व्हायचं तेच झालं. मला वाटायला लागलं की मला कळतं.

घरी येऊन जाहीर केलं, "मी कलेच्या इतिहासात एम.ए. करणार."

बाबा पोलादपूरहून खताची गोण घेऊन नुकतेच आले होते. गोण खाली टेकवून म्हणाले, "कला कोन?"

"अहो बाबा, कला म्हणजे शिल्पं, चित्रं, मंदिरं!"

"आनि त्याचा इतिहास शिकून मानूस व्हतं काय?"

बघा, किती साधा प्रश्न! त्याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. त्या दिवशी मात्र मी मान ताठ करून म्हटलं, "तज्ज्ञ."

मुंबईहून सुट्टीला आलेले विलासकाका ओटीवर बसले होते. ते तिकडे रिक्षा चालवतात आणि जगातल्या सगळ्या शिक्षणांचा भाव त्यांना पाठ असतो. "अगो, पण स्कोप काय हाय? मार्केट में क्या वॅल्यू? दगडांची डॉक्टर झालीस तर फी काय दगड देनार हायत?"

बाबांनी तोडगा काढला. महाडला बी.एड.चा फॉर्म भरून टाकला आणि म्हणाले, "तुझ्या त्या कलेत नाव लागलं तर जा. नाय लागलं, तर गुपचूप मास्तरीन हो."

म्हणजे आता इज्जतीचा प्रश्न!

मी दोन ठिकाणं हेरली होती. एक पुण्याचं: प्राचीन शिल्पं, मूर्तिशास्त्र, संस्कृत शब्दांचा नुसता पाऊस. दुसरं मुंबईचं: लोककला. त्याचं माहितीपत्रक मी नाक मुरडून मिटलं. टोपल्या आणि मडकी काय बघायची? ती आमच्या माळ्यावर पडलीयत की! मला हवं होतं पुणं. तिथली अट होती, स्वतः पाहिलेल्या एका शिल्पावर लेख लिहून पाठवा.

आणि शिल्प तर दारातच होतं!

आमचं गाव कुडपणच्या बाजूला, डोंगरात. देवीच्या देवळामागं एक कोरलेला दगड उभा आहे. कडेनं शेवाळ चढलेला. बायका त्याच्यावर कपडे वाळत घालतात. मी एक दिवस कपडे बाजूला केले आणि माझे डोळेच विस्फारले. तीन कप्पे, एकावर एक! खाली शिंगांचं जनावर आणि हात उगारलेला माणूस. मध्ये एक वाहन आणि दोन आकृत्यांमध्ये तोच माणूस. वर तो गोल वस्तूसमोर बसलेला, आणि टोकाला चंद्र-सूर्य.

वीरगळ! म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खाली गोहरण, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी झुंज, मध्ये अप्सरा त्याला विमानातून स्वर्गात नेतायत, वर तो शंकराच्या पिंडीपुढे. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती. पुस्तकात अगदी हेच दिलं होतं.

आता विमानाला खिडक्या होत्या, हे खरं. त्या पुस्तकात नव्हत्या. म्हणून मी लिहिलं, 'अत्यंत दुर्मीळ गवाक्षयुक्त विमान'.

मी कुणाला विचारलं नाही असं नाही हं! शेजारच्या अनुसयाआजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "तो होय? सख्याचा दगड गो तो."

सख्याचा! माझ्या अंगावर काटा आला. सखा म्हणजे प्रियकर! म्हणजे वीराच्या विधवेनं हुंदके देत हा दगड उभारला असणार. आजी पुढं काहीतरी सांगत होती, पण मी तोवर वही काढून विरहावर दीड पान लिहिलंसुद्धा. लेख बारा पानांचा झाला. काळ? शिल्प आठशे वर्षांपूर्वीचं. का? आकडा बरा वाटला.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या मॅडमचा फोन आला. "लेख वाचला. फोटो धूसर आहेत. पण खिडक्यांचं विमान मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरला जातेय. वाट वाकडी करून आधी पोलादपूरमार्गे तुमच्याकडे येते, मग घाट चढते."

शहाण्या माणसाला यात धोका ऐकू आला असता. मला नुसतं कौतुक ऐकू आलं.

गावात वणवा लागावा तशी बातमी पसरली. सरपंचांनी पोलादपूरहून फ्लेक्स छापून आणला, 'प्राचीन वीरगळ, हजार वर्षे'.

"आठशे हो," मी म्हटलं.

"हजार राहू दे गो. गोल आकडा हाय."

कपडे निघाले, शेंदूर लागला, नारळ फुटायला लागले. वरची आळी म्हणाली, वीर आमचा पूर्वज. खालची आळी म्हणाली, तुमच्यात वीर कधी निपजला? दोन दिवस एकमेकांशी बोलणं बंद! ज्या बाबांनी 'कला कोन' विचारलं होतं, ते नाक्यावरच्या टपरीत सांगत होते, "आमची पोर मूर्तिशास्त्रात हाय."

मॅडम आल्या. साठीच्या, बारीक, पायात कापडी बूट. सत्कार, शाल, सगळं झालं. त्या दगडापुढं उकिडव्या बसल्या, ओल्या फडक्यानं शेंदूर हलकेच पुसला आणि भिंग काढून एकेक खिडकी न्याहाळायला लागल्या.

तेवढ्यात गर्दीमागून आवाज आला, "कोनी रे शेंदूर फासला माझ्या दगडाला?"

आमच्या शेजारचे मुंबईवाले आबा! मोतीबिंदू काढायला मुलाकडे डोंबिवलीला गेले होते, दोन महिने गावात नव्हते. ते काळा चष्मा लावून नेमके त्याच सकाळच्या गाडीनं उतरले होते.

"तुमचा दगड?" मॅडमनी विचारलं.

"मंग कोनाचा? गिरनी बंद पडली, गावाला आलो. घाटात रस्त्याचं काम चाललेलं. तिथल्या पाथरवटांकडून छिन्नी धरायला शिकलो आनि घरी बसून ह्यो कोरला, मंग हितं हुबा केला."

तरी मी हट्टानं म्हटलं, "पण आबा, खाली हे गोहरण कोरलंय ना?"

"हरन? हरन कुठं दिसलं तुला? म्हस हाय ती! मी मुंबैला जायला निघालो नि ही बया रस्त्यात आडवी बसली. काठीनं उठवतोय तिला."

मॅडम दगडाकडे सरकल्या. "आणि मधलं विमान?"

"यष्टी हाय."

लोकांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"या दोन अप्सरा मग..." मी म्हटलं. गप्प बसायला काय झालं होतं मला?

"डायवर नि कंडक्टर."

"अहो, पण हिच्या कमरेला मेखला आहे!"

"तिकिटांची पिशवी हाय ती."

आता अख्खं गाव हसत होतं. आळ्यांचं भांडण तिथंच मिटलं, कारण कंडक्टर कुणालाच पूर्वज म्हणून नको होता. मी शेवटचा आसरा धरला. "वरची पिंड?"

"राकेलचा इष्टो," आबा म्हणाले. "खोलीत आम्ही धा जनं. त्या दिशी भात रांधायची पाळी माझी." मग त्यांनी बोट वर नेलं आणि आवाज जरा खाली आला. "नि हा सूर्य म्हंजे दिसपाळी. चांद म्हंजे रातपाळी. सगळ्यात वर ते दोन. मानूस त्यांच्या खाली."

हसणं थांबलं. गावात असं घर नाही ज्यातलं कुणी त्या दोघांच्या खाली राहिलं नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. आणि मी? मी मनात बारा पानं मोजत होते.

"मी सांगितलं नव्हतं गो तुला?" अनुसयाआजी पुढं आली. "सख्याचा दगड म्हनून! ह्याचं नाव सखाराम. तू मधीच पळालीस."

आम्ही पोरांनी त्यांना जन्मभर आबाच म्हटलं. सख्या म्हणणारी आणि तो दगड कोरताना बघितलेली गावात ती एकटीच उरली होती.

मॅडमनी पिशवीतून माझा लेख काढला आणि एक ओळ शांतपणे मोठ्यानं वाचली. "'स्थानिक ग्रामस्थ या शिल्पाच्या अर्थाविषयी पूर्णतः अनभिज्ञ आहेत.'"

"अनभिज्ञ म्हंजे?" सरपंचांनी विचारलं.

माझ्याकडे बघत बाबाच म्हणाले, "अडानी."

भूमी दुभंगते म्हणतात ना, ती गरजेच्या वेळी दुभंगत नाही. मी स्वतः पाहिलंय.

मॅडम दोन तास आबांशी बोलत बसल्या. घाट चढायचा विसरल्या. निघताना मला गाडीजवळ बोलावलं.

"मूर्तिशास्त्राला मी तुला घेणार नाही. तुला दगडात जे हवं ते दिसतं. मुंबईला लोककलेचा अभ्यासक्रम आहे, तिथं अर्ज कर. तिथं आधी माणसांचं ऐकायला शिकवतात."

"तिथं घेतील मला?"

"घेतील. तुझ्यासारख्यांसाठीच आहे तो."

मी घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. वाटलं, आता बी.एड.! बाबांनी फ्लेक्स काढून पेंढ्यावर नीट पसरला, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले आणि म्हणाले, "जा मुंबैला. पोरांना शिकवन्यापेक्षा तूच आधी शिकलेली बरी."

अशी मी लोककलेची विद्यार्थिनी झाले. निवड वगैरे म्हणतात ती ही अशी!

पहिल्याच सत्रात काम मिळालं, एका जिवंत कलाकाराची सविस्तर मुलाखत घ्या. वर्गातल्या बाकीच्यांची कलाकार शोधायला धावपळ सुरू झाली. मी मात्र निवांत. माझा कलाकार गावी, शेजारच्याच घरात! वर्गाला त्याचे किस्से सांगूनही झाले होते. रुबाबात फोन लावला.

"आबा, शनिवारी मुलाखतीला येते हां."

"शनवारी? शनवारी पुन्याची मॅडम येनार हाय, तिची पोरं घेऊन. आईतवारी तुझ्याच वर्गातल्या दोन पोरी येनार हायत. त्यांनी मागल्या आठवड्यातच इचारून ठेवलंय. तुझा नंबर त्यांच्या मागं. पुढच्या आईतवारी जमंल?"

"जमेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ये मंग. आनि ऐक गो," आबा म्हणाले, "ह्या टायमाला प्रश्न घेऊन ये. मागल्या टायमाला नुसती उत्तरंच आनली व्हतीस."