नावं हरवलेले आवाज

नामासिकू लुबिंदा बोलायला लागली की स्टुडिओचं दार बंद असलं तरी बाहेर आंब्याखाली बसलेल्यांना ऐकू जायचं. मोंगू गावातल्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात माइकसमोर बसणारे आम्ही सगळे हळू बोलणारे, आणि यंत्रं सांभाळणारी ही एकटी खणखणीत. कित्वे शहरात कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन, तिकडेच काही वर्षं नोकरी करून ती गावी परतली होती. तिला सगळे ‘बो नामासिकू’ म्हणायचे. हा मानाचा ‘बो’ आमच्याकडे बहुतेकांना केस पिकल्यावर मिळतो. तिला तो चाळिशीच्या आतच मिळाला, आणि तो आपल्या हक्काचाच आहे अशा थाटात ती वावरायची.

मी तिथे लोझी भाषेतल्या बातम्या वाचते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

केंद्रावरचा सगळ्यात जुना माणूस म्हणजे न्दाते मुबिता; ‘न्दाते’ म्हणजे आमच्याकडे बाबा. दर रविवारी दुपारी त्यांचा कार्यक्रम लागायचा आणि त्या वेळी बाजारातल्या बायकासुद्धा गिऱ्हाइकाला थांबवून ठेवायच्या. पुराचं पाणी असलं की होडीतून, ओसरलं की बैलगाडीतून, ते नदीच्या पूरमैदानातली गावं पालथी घालायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी, लग्नातली गाणी, लाकडी पट्ट्यांचा सिलिम्बा वाजवणाऱ्यांच्या बैठकी, कुणाचं कुळ कुठून आलं त्याची हकिगत, सगळं ते रेकॉर्ड करून आणायचे. त्यातली कितीतरी माणसं आता हयात नव्हती. त्यांचे आवाज एका काळ्या डिस्कमध्ये होते आणि ती डिस्क न्दाते मुबिता कातडी पिशवीत घालून छातीशी धरून फिरायचे.

नामासिकू त्यांच्या मागे लागायची. “न्दाते, याची दुसरी प्रत करू या.”

“करू की. जरा या बैठकी संपू देत.”

“आणि काम झालं असं वाटलं की लगेच डिस्क उपटू नका. कॉम्प्युटर तुमच्याशी खोटं बोलतो. ‘लिहून झालं’ म्हणतो, पण अर्धं अजून त्याच्या डोक्यातच असतं. सवडीने लिहितो तो.”

“माझा कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? तो काय पुढारी आहे?” म्हाताऱ्याने हसून विषय टाळला.

त्या वर्षी धरणात पाणी नव्हतं आणि लोडशेडिंगला काही धरबंध उरला नव्हता. एका दुपारी न्दाते मुबिता सेनांगाहून आणलेलं रेकॉर्डिंग डिस्कवर चढवत असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. पडदा काळा झाला. त्यांनी सवयीप्रमाणे डिस्क काढली, पिशवीत घातली आणि जेवायला घरी गेले.

संध्याकाळी वीज आली. डिस्क लावल्यावर पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. ही डिस्क वाचता येत नाही, वापरायची असेल तर आधी तयार करावी लागेल, करू का? न्दाते मुबितांना वाटलं, यंत्र बिचारं आपण होऊन दुरुस्ती करतंय, नाही कशाला म्हणायचं? त्यांनी ‘हो’वर बोट ठेवलं. डिस्क झटकन उघडली, आत सगळं स्वच्छ. जुनं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्या कप्प्यात गेलं असेल अशी समजूत करून घेऊन त्यांनी चर्चच्या गायनमेळाव्याची गाणी तिच्यावर चढवली. नंतर रविवारच्या कार्यक्रमासाठी कलाबोच्या एका म्हातारीची गोष्ट शोधायला घेतली. ती नव्हती. दुसरी शोधली, तीही नव्हती. गायनमेळावा सोडून डिस्कवर काहीच नव्हतं.

त्यांची हाक ऐकून आम्ही धावत गेलो तेव्हा ते खुर्चीत नुसते बसले होते. एवढा उंच माणूस, पण खुर्चीत लहानसा दिसत होता. केंद्राचे प्रमुख बो सितली दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते.

“मेलेल्यांना मी दुसऱ्यांदा मारलं,” न्दाते मुबिता म्हणाले.

नामासिकू बाजारातून मासळी घेऊन आली होती. तिने पिशवी माझ्या हातात दिली, पडदा पाहिला आणि पहिल्यांदा डिस्कची वायर धरली. “कुणी काही लिहिलं नाही ना आता? कुणी हात लावू नका. एक अक्षरसुद्धा यावर चढवायचं नाही!” मग यंत्राला नीट, पद्धतशीर विचारून तिने डिस्क बाहेर काढली आणि आपल्या ओढणीत गुंडाळली.

“राजधानीला, लुसाकाला पाठवू या,” बो सितली म्हणाले. “तिकडे मोठी दुकानं आहेत.”

“बसच्या टपावरून? हाडं खिळखिळी होतील तिची. आणि तिचं लोखंड ठणठणीत आहे, बो सितली. दुखापत दुसरीकडेच आहे.”

“पण सगळं पुसलं गेलंय ना?”

“कुणी सांगितलं?” ती टेबलावर टेकली. “ऐका. फाइल म्हणजे एका जागी बांधून ठेवलेलं गाठोडं नसतं. कॉम्प्युटरची जी सिस्टिम असते, ती डिस्कचे बारीक बारीक वाफे पाडते. गाणं आलं की ते रिकाम्या वाफ्यांत टाकते. सलग जागा नसेल तर थोडं इथे, थोडं तिथे. आणि कुठल्या गाण्याचा कुठला तुकडा कुठे ठेवला, याचा नकाशा डिस्कच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवते. लिहिता लिहिता वीज गेली तेव्हा तो नकाशा अर्धवट लिहिलेला राहिला. आणि ‘हो’ म्हटल्यावर सिस्टिमने जुना नकाशा टाकून नवा, कोरा नकाशा काढला. तेवढंच. वाफ्यांना तिने हातही लावला नाही. गावचा इंदुना गेला म्हणून गावातली माणसं मरतात का? कोण कुठे राहतं हे सांगणारा मुखिया गेलाय. माणसं आपापल्या झोपड्यांत बसलीयत.”

न्दाते मुबितांनी पहिल्यांदा मान वर केली. “सगळी?”

“सगळी नाही,” तिने स्पष्टच सांगितलं. “कोऱ्या नकाशावर सगळीच जागा रिकामी दिसते. तुमची चर्चची मंडळी ज्या झोपड्यांत शिरली, तिथली जुनी माणसं गेली. ती कुणालाच परत आणता यायची नाहीत. बाकीची मी आणते.”

‘प्रयत्न करते’ नाही, ‘बघू या’ नाही. आणते.

पण मूळ डिस्कवर काम करायचं नव्हतं. आधी तिची जशीच्या तशी, रिकाम्या दिसणाऱ्या वाफ्यांसकट नक्कल करायची आणि मग नकलेवर खटपट करायची, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तेवढीच मोठी दुसरी डिस्क हवी. केंद्रात नव्हती. तशी एकच होती, नामासिकूच्या घरी. तिच्यात नायजेरियन सिनेमे आणि मालिका खच्चून भरलेल्या होत्या आणि तिच्या गल्लीतल्या बायका दर शनिवारी तिच्या अंगणात पडदा लावून त्या बघायच्या. एका मालिकेत तर नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचं भांडं अगदी फुटायच्या बेतात होतं.

नामासिकूने ते सगळं पुसलं. नुसतं नकाशातून नाही, नक्कल त्याच्यावरच चढली, म्हणजे कायमचं गेलं. गल्लीत बोंबाबोंब झाली.

“अगं, निदान तिचं पुढे काय झालं ते तरी सांग!” शेजारीण कुंपणावरून ओरडली.

“पकडली गेली ती,” नामासिकू तिकडे न बघता म्हणाली. “शेवटी पकडल्याच जातात सगळ्या.”

नक्कल पुरी झाल्यावर तिने एक प्रोग्राम लावला. तो नकाशाकडे ढुंकून बघत नव्हता. पहिल्या वाफ्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक तपासायचा. प्रत्येक ध्वनिफाइलच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण असते, ती दिसली की तिथून उचलायचा आणि वेगळं ठेवायचा. आम्ही बातम्या वाचत होतो, जाहिराती लावत होतो आणि पलीकडच्या खोलीत ते यंत्र मुकाट्याने चाळत बसलं होतं. लोडशेडिंगसाठी नामासिकूने कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली होती.

पहिली फाइल तिने लावली तेव्हा खोलीत एका म्हाताऱ्या बाईचं हसू घुमलं. न्दाते मुबितांनी भिंतीला हात टेकला. “ही कलाबोची. ही… ही हसून झाल्यावर मग गोष्ट सुरू करायची.”

एकामागून एक आवाज निघाले. ढीगच्या ढीग. पण एकाचंही नाव नव्हतं. नावं नकाशात असतात आणि नकाशा तर गेला होता. सगळ्या फाइलींना यंत्राने नुसते आकडे दिले होते.

“आता यातलं कोण कुठलं, मला तरी कसं आठवणार?” न्दाते मुबितांचा चेहरा पुन्हा उतरला. “नावंच गेली.”

“न्दाते, तुमची नावं तरी काय होती?” नामासिकूने विचारलं. “मी पाहिलीयत. ‘नवीन.’ ‘नवीन नवीन.’ ‘आजचं.’ ‘खरंच शेवटचं.’ त्यांच्यासाठी रडताय होय?”

आम्ही सगळे हसलो आणि तेही हसले. त्या दिवसांतलं त्यांचं पहिलं हसू.

दुसरी अडचण अधिक अवघड होती. जी फाइल सलग वाफ्यांत होती ती अखंड निघाली. पण न्दाते मुबिता जागेसाठी मधूनमधून काहीबाही पुसायचे, त्यामुळे डिस्कवर जागोजागी भोकं पडली होती आणि नंतरच्या फाइली त्या भोकांत तुकड्यांनी बसल्या होत्या. नकाशाशिवाय यंत्राला काय कळणार? ते सुरुवात सापडली की पुढचे वाफे सलग उचलायचं. लग्नाचं गाणं ऐन रंगात आलं की मध्येच कुणीतरी गुरांच्या रोगावर बोलायला लागायचं.

“हे कानानेच जुळवावं लागेल,” नामासिकू म्हणाली. “आणि आपले कान पुरे पडणार नाहीत. बो सितली, मला रविवारची दुपार द्या.”

“असलं फाटकंतुटकं रेडिओवर लावायचं? लोक काय म्हणतील?”

“लोकांनी म्हणावं म्हणूनच लावायचं.”

त्या रविवारी न्दाते मुबितांनी माइकसमोर बसून जे घडलं ते सरळ सांगितलं. मग म्हणाले, “आवाज सापडलेत, माणसं हरवलीत. ओळखीचा आवाज ऐकू आला तर फोन करा.” आणि पहिला तुकडा लावला.

तो संपायच्या आत फोन वाजला. एक पोरसवदा आवाज ओरडत होता, “हा माझा आजा आहे! बंद करू नका, आईला बोलावतो!” त्यानंतर फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. लग्नाच्या गाण्यात गुरांचा रोग घुसला तेव्हा एका बाईने फोन करून नामासिकूला झापलं, “आमच्या गाण्याचं वाटोळं केलंत. पुढचं कडवं असं आहे,” आणि ती फोनवरच गायला लागली. नामासिकूने ते कडवं ऐकलं, उरलेल्या तुकड्यांमध्ये तेच शब्द शोधले आणि पुढच्या रविवारी गाणं जोडून लावलं. त्या बाईचा पुन्हा फोन. “आता बरोबर. पण सिलिम्बा जरा हळू आहे.”

“तो तुमच्या लग्नातही हळूच होता, बाई,” नामासिकू म्हणाली. “मी नुसती जोडणारी आहे.”

ते काम कित्येक रविवार चाललं. मधल्या दिवसांत नामासिकूने केंद्रातल्या सगळ्या डिस्क नव्याने मांडल्या. आता सिस्टिम कुठलाही नकाशा बदलण्याआधी ‘मी हे करणार आहे’ असं बाजूला टिपून ठेवते, मग करते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ती आधी ते टिपण बघते आणि अर्धवट राहिलेलं निस्तरते. शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगच्या दोन प्रती, त्यातली एक केंद्राबाहेर. न्दाते मुबितांना तिने डिस्क काढण्याआधी यंत्राला विचारायला शिकवलं आणि ते आता तिच्यासमोर मुद्दाम मोठ्याने विचारतात, “काय हो, निघू का?”

सगळ्यात शेवटी लुकुलूहून मुंडिया नावाचा एक मासेमार आला. होडी, ट्रक आणि पुन्हा पायी असा प्रवास करून. त्याची आता हयात नसलेली आई बऱ्याच वर्षांपूर्वी न्दाते मुबितांसमोर बसून मोठ्या पुराची गोष्ट बोलली होती. घरदार बुडालं आणि गुरं पोहवत उंचवट्यावर नेली, ती गोष्ट. त्याने सगळे रविवार ऐकले होते. ती गोष्ट त्यात लागली नव्हती.

नामासिकूने त्याला खुर्ची दिली. “ती नाहीये. मी सगळे वाफे दोनदा पाहिलेत. त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय आणि ज्यावर दुसरं लिहिलं गेलं ते माझ्यानेच काय, कुणाच्यानेच निघणार नाही. तुम्हाला खोटी आशा लावून परत पाठवणार नाही मी.”

मुंडियाने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “मला येते ती गोष्ट. लहानपणी रोज ऐकलीय.”

“मग सांगा,” न्दाते मुबिता पुढे सरकले. त्यांनी स्वतः माइक त्याच्या तोंडासमोर आणला.

तो आधी चाचरला, मग सांगायला लागला. आईच्या शब्दांत, आईच्या चालीत. एका ठिकाणी थांबला. “इथे ती खोकायची,” म्हणाला आणि तसाच खोकला. आम्ही कुणी हसलो नाही. पाणी वाढलं, काळा बैल पुढे झाला, त्याच्या शेपटीला धरून पोरं पलीकडे गेली. गोष्ट संपल्यावर नामासिकूने त्याला मक्याच्या पिठाचं बुहोबे आणि मासा जेवायला लावला आणि रेकॉर्डिंगची प्रत त्याच्या फोनमध्ये घालून दिली.

रविवारी ती गोष्ट लावली. लुकुलूहून लगेच फोन आला. मुंडियाची थोरली बहीण. तिचा आवाज नामासिकूच्या तोडीस तोड होता.

“काय सांगितलंय या गाढवाने! बैल काळा नव्हताच मुळी. तांबडा होता, कपाळावर पांढरा! आणि शेपटीला मी धरलं होतं, हा माझ्या पाठीवर होता!”

“मग या की इकडे,” नामासिकू म्हणाली, “आणि नीट सांगा. जागा भरपूर आहे.”